मदत हवी आहे: धक्के अजून किती दिवस?

ओटीवरचा: भूकंपानंतरचे लहान धक्के, म्हणजे आफ्टरशॉक, किती दिवस चालतात? आई घरात झोपायला तयार नाही, अंगणात झोपतेय, वर थंडी. नेमका आकडा सांगा, लिंका नकोत.

गणिती: मुख्य धक्का कधीचा, केवढा? जपानी भूकंपशास्त्रज्ञ ओमोरीचं 1894 चं सूत्र आहे. पहिल्या दिवशी शंभर धक्के, तर दहाव्या दिवशी साधारण दहा, शंभराव्या दिवशी एखादा. जपानच्या 1891 च्या नोबी भूकंपाचे धक्के शंभर वर्षांनीही याच हिशेबात बसत होते.

ओटीवरचा: शंभर वर्षं?? कालच्या धक्क्याने भांडी पडली एवढंच कळतं.

कोयनाकाठ: आमच्याकडे 11 डिसेंबर 1967 ला झाला, अजून हलतंय. सवय करा.

गणिती: कोयना वेगळी. तिथे धरणाच्या पाण्याने चाळवलेले भूकंप आहेत.

कोयनाकाठ: तुम्ही पुस्तकं वाचा. भिंती आम्ही बांधल्यात परत.

वास्तुप्रेमी: पाण्याची टाकी कुठल्या दिशेला आहे?

भटकी: अहो, गाव कुठलं ते तरी विचारा!

ओटीवरचा: डहाणू, धुंदलवाडीच्या बाजूला. नोव्हेंबरपासून चालू आहे. लिहिलं नव्हतं का?

भटकी: नव्हतं! 2018 च्या नोव्हेंबरपासूनचे ना? मग हे आफ्टरशॉक नाहीतच. आधी एक मोठा आणि मागून लहान, असं तिथे झालेलं नाही. लहान-मध्यम धक्के झुंडीने येतायत, त्याला स्वॉर्म म्हणतात. कधी थांबेल याचं सूत्र नाही.

गणिती: बरोबर. माझा हिशेब इथे लागू नाही.

किल्लारीकर: 1992 ला आमच्याकडेही लहानच धक्के होते. 30 सप्टेंबर 1993 ला विसर्जन करून लोक झोपले, पहाटे दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या.

भटकी: घाबरवू नका, बहुतेक झुंडी मोठा धक्का न देताच विरतात. पण भिंतीचा मुद्दा खरा. ओटीवरचे, घर कशाचं?

ओटीवरचा: मागचं जुनं, कुडाचं. पुढची विटांची खोली नवी, आई तिथे झोपायची. माळ्यावर भाताची पोती.

भटकी: विटांच्या खोलीपेक्षा कूड बरा, हलका असतो. आधी पोती उतरवा, मग आईला मागे झोपवा. कौलं सैल असतील तर तीही बघा.

ओटीवरचा: पोती आत्ताच काढतो. आकडा मात्र कुणी दिला नाही.

नवखा7: धागा आत्ताच बघितला. मुख्य धक्का किती रिश्टरचा होता?