बाबांच्या फोनमध्ये लग्नपत्रिकेच्या नावाचं ॲप शिरलंय. रिसेट केला तर बंदिशी जातील. काय करू?

पाटणकर_बाजार:

जरा लांबलचक लिहितेय, पण शेवटपर्यंत वाचा. मला घाईत चूक करायची नाहीये.

आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. बाबा ७६ वर्षांचे. परवा दुपारी ओळखीच्या घरातल्या नंबरावरून त्यांच्या व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. नाव ‘शादी का कार्ड’, शेवटी डॉट एपीके. त्या घरी खरंच लग्न ठरलेलं आहे, त्यामुळे बाबांनी बोट लावलं. फोननं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी हो म्हटलं. मग मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पत्रिका काही उघडली नाही. बाबांना वाटलं, नेट मंद आहे.

रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप आपोआप बाहेर पडलं. नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला गेलाय असं लिहून आलं. सकाळी सहापासून लोकांचे फोन सुरू झाले. बाबांच्या नावानं तीच पत्रिका भजनी मंडळात, जुन्या ऑफिसच्या ग्रुपात, सगळीकडे गेली होती. माधौगंजच्या एका काकूंनी ती उघडलीसुद्धा. तेव्हापासून बाबा धड जेवले नाहीत. ‘माझ्या नावावर विश्वास ठेवून उघडली ना तिनं,’ एवढंच म्हणतात.

पैसे अजून गेलेले नाहीत, पण न मागवलेले चार ओटीपी येऊन पडलेत. मोबाइलवाला म्हणतो, फॉरमॅट मारा, म्हणजे रिसेट करून सगळं पुसा, पाच मिनिटांचं काम आहे.

तिथंच माझं अडलंय. त्या फोनमध्ये ३१२ रेकॉर्डिंग आहेत. गेली चार वर्षं बाबा रोज पहाटे तंबोऱ्याचं ॲप लावून एकेक चीज म्हणून ठेवतात. त्यांच्या आत्याकडून शिकलेले ख्याल, तराणे, सातआठ टप्पे. आत्याची वही एका पावसाळ्यात भिजून लगदा झाली, तेव्हापासून सगळं बाबांच्या गळ्यातच आहे. फाइलींना नावंही त्यांनीच दिलीत. एक आहे, ‘यमन विलंबित, दुसरा अंतरा आज आठवला’. दुसरीकडे कुठेही कॉपी नाही. आणि रेकॉर्डिंग काढताना ती घाण कॉम्प्युटरमध्ये आली तर?

शिंदेछावणीचा:

ताई, बंदिशी वाचतील. फक्त क्रम चुकवू नका.

हे वाचताय तिथेच आधी बाबांच्या फोनचं वायफाय बंद करा आणि सिम बाहेर काढा. तीच सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. घरात जुना पडलेला असेलच, नसेल तर शेजारी मागा. कारण सांगतो. हे ॲप पत्रिकेचं सोंग घेऊन आत येतं आणि एसएमएस वाचून दुसरीकडे पाठवतं. व्हॉट्सॲप गेलं ते असंच. चोरानं आपल्या फोनवर बाबांचा नंबर टाकला, सहा आकडी कोड बाबांच्या फोनवर आला आणि ॲपनं तो त्याला पोचवला. सिम त्याच फोनमध्ये ठेवून तुम्ही दहा वेळा नवा कोड मागवलात, तरी तो दहाही वेळा वाचणार. बटणांच्या फोनमध्ये हे ॲप चालतच नाही.

आता रेकॉर्डिंग. फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक फोनांत पॉवरचं बटण दाबून ‘पॉवर ऑफ’ येतं, त्यावरच बोट दाबून धरायचं. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेलं कुठलंही ॲप चालत नाही, ते चोरही झोपलेलं असतं. मग केबलनं कॉम्प्युटरला जोडा, ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा आणि फक्त रेकॉर्डिंगचा फोल्डर उचला. सॅमसंग असेल तर ‘रेकॉर्डिंग्ज’ किंवा ‘व्हॉइस रेकॉर्डर’ नावानं मिळेल, शाओमी असेल तर ‘एमआययूआय’च्या आत ‘साउंड रेकॉर्डर’मध्ये. डाउनलोडचा आणि व्हॉट्सॲपचा फोल्डर उचलू नका, पत्रिका तिथेच आहे. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप, विंडोजवर ते चालत नाही, पण उगाच सोबत कशाला न्यायचं.

कॉपी झाली की ३१२ मोजा, मधल्यामधल्या पाचसहा वाजवून बघा. मग तोच फोल्डर पेनड्राइव्हवर. दोन ठिकाणी झाल्याशिवाय रिसेटला हात लावायचा नाही.

कोरा_कागद:

रिसेटची काय गरज? माझ्या मेव्हण्याच्या फोनमध्ये हेच झालं होतं. अँटीव्हायरस टाकला, एक ॲप सापडलं, उडवलं, झालं.

शिंदेछावणीचा:

एक सापडलं म्हणजे एकच होतं असं नाही. यातली काही ॲप आपलं चिन्ह लपवतात, काही ‘सिस्टिम अपडेट’सारखं नाव घेऊन यादीत बसतात, काही डिव्हाइस ॲडमिन होतात म्हणजे अनइन्स्टॉलचं बटणच दबत नाही. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मिळाली असेल तर स्क्रीनवरचं वाचतात आणि आपल्या जागी बटणंही दाबतात. ज्या फोनवर पेन्शनचं खातं आहे, तो अर्धवट साफ करून वापरू नये. मेव्हण्यांनाही सांगा, खरंच.

ताई, रिसेटआधी दोन कामं. दुसऱ्या फोननं त्या मेसेजचे, फाइलच्या नावाचे आणि चारही ओटीपींचे फोटो काढा, तक्रारीला लागतील, रिसेटनंतर हाती काही राहणार नाही. आणि बाबांच्या गूगल खात्याचा पासवर्ड कॉम्प्युटरवरून बदला, त्या फोनवरून नाही. नवा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, फोन पुन्हा सुरू करताना मागेल.

जुनी_खातेवही:

मी ३१ वर्षं बँकेत काढली, म्हणून पैशांच्या बाजूचं सांगतो. पैसे गेले नाहीत म्हणून थांबू नका. बाबांकडून आत्ता बँकेला फोन करवून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड, तिन्ही बंद करवा. नंबर कार्डाच्या मागे असतो तोच घ्या. गूगलवर शोधून मिळालेला घेऊ नका, तिथेही ठग आपले नंबर पेरून ठेवतात. तक्रार क्रमांक आणि वेळ वहीत लिहा, मिनिटासकट. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं होतं. ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून ती वेळ जपायची.

पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. पैसा पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता आला तरच हाती लागतो. नाही गेले तरी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकाच, बाबांच्या नंबरावरून पुढे फाइली गेल्या आहेत.

आणि बाबांना माझा नमस्कार सांगा. माझ्या काउंटरवर इंजिनियर, प्राध्यापक, वकील, सगळे अशाच गोष्टीत फसून आलेले मी पाहिलेत. ओळखीच्या नावानं आलेल्या पत्रिकेला माणूस हात लावणारच.

पाटणकर_बाजार:

सगळं केलं, क्रमानं. बटणांचा फोन आमच्या कामवाल्या बाईंनी दिला.

सेफ मोडमध्ये कॉपी करायला पाऊण तास गेला. मोजल्या तर ३०९ भरल्या. माझ्या पोटात गोळाच आला. बाबा म्हणाले, तीन मी स्वतःच पुसल्या होत्या, सूर लागला नव्हता. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मधल्या पाचसहा नाही, एकवीस वाजवून पाहिल्या. पेनड्राइव्ह देवघराच्या कपाटात ठेवलाय.

बँकेला दुपारी १:४० ला कळवलं. पोर्टलवर तक्रार झाली. फोन रिसेट केला, ॲप मोजकी, प्ले स्टोअरवरूनच. मग व्हॉट्सॲपचा कोड बटणांच्या फोनवर मागवला आणि इकडे टाकला. पण आता ते आम्ही कधीच न लावलेला पिन मागतंय!

शिंदेछावणीचा:

तो चोरानं लावलाय. घाबरू नका. सहा आकडी कोड तुम्ही टाकलात त्याच क्षणी तो बाहेर फेकला गेला, पिन ठाऊक असो वा नसो. मात्र तुम्हाला ७ दिवस थांबावं लागेल, मग पिनशिवाय आत जाता येईल. गेल्याबरोबर टू स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये आपला पिन लावा आणि ईमेलही जोडा. तोवर ग्रुपांत तुमच्या नंबरावरून लिहा.

पाटणकर_बाजार:

लिहिलं. ‘बाबांच्या नंबरावरून आलेली पत्रिका उघडू नका, उघडली असेल तर वायफाय बंद करून सिम काढा आणि मला फोन करा.’ आतापर्यंत तिघांचे आले.

माधौगंजच्या काकूंकडे आज बाबा स्वतः आले माझ्याबरोबर. त्यांच्या फोनमध्ये ते ॲप ‘सेटिंग्ज’ या नावानं बसलं होतं, म्हणजे यादीत सेटिंग्ज दोनदा. सिम काढली, बँकेला कळवलं, त्यांच्या नातवाचे फोटो केबलनं उतरवले. रिसेट उद्या सकाळी, त्यांचा मुलगा गूगलचा पासवर्ड शोधून देणार आहे. काकूंनी बाबांना चहा केला आणि ती यमनची चीज म्हणायला लावली.

बाबांचे ७ दिवस मंगळवारी संपतात. पिन लागला की इथेच कळवते.