‘फ्लक्चुएशन’ला मराठीत काय म्हणावं?

लहान प्रणालींच्या ऊष्मागतिकीवर (उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्रावर) लिहितेय आणि ‘फ्लक्चुएशन’पाशी, म्हणजे एखादी राशी सरासरीहून कमीजास्त होत राहते त्यापाशी, अडलेय. ‘विचलन’, ‘आंदोलन’, ‘चढउतार’ असे तीन शब्द समोर आहेत. कोणता घ्यावा?

—

‘आंदोलन’ आधी बाजूला ठेवा. त्यात झोका आहे, लय आहे. इथे लय नसतेच. ‘विचलन’ वाईट नाही, पण तो ‘प्रमाण विचलना’त (स्टँडर्ड डेव्हिएशन, सरासरीपासूनच्या फरकाचं माप) आधीच गुंतलाय. घटना आणि तिचं माप यांना एकच शब्द दिला की वाक्याचा गुंता होतो. मी ‘चढउतार’ लिहितो. डब्यात वायूचे १०० रेणू असले तर डाव्या अर्ध्यात सरासरी ५० सापडतात, पण चार-पाचांचा फरक नेहमीचाच. रेणू १०चा २२वा घात इतके असले तर हाच फरक सरासरीच्या दहा हजार कोटींत एक भाग एवढा उरतो. म्हणून मोठ्या डब्याचा हिशेब सरासरीवर भागतो. लहान प्रणालीत भागत नाही.

—

सर, ‘चढउतारा’त काळ येतो: आत्ता वर, मग खाली. पण आरएनएचा एकच रेणू प्रकाशाच्या चिमट्याने (सूक्ष्म मणी धरून ठेवणाऱ्या लेझरच्या झोताने) ओढून उलगडला, परत घडी पडू दिली, पुन्हा उलगडला, तर दर खेपेला लागणारं कार्य (‘वर्क’, ओढायला खर्चलेली ऊर्जा) वेगळं भरतं. तिथे काय चढलं आणि काय उतरलं? भौतिकशास्त्रज्ञ जार्झिन्स्की यांचं १९९७चं समीकरण नेमकं या वेगवेगळ्या भरणाऱ्या कार्यांवर उभं आहे. २००२ मध्ये ते आरएनएवर तपासलंही गेलं. तिथे मला ‘तफावत’ बरा वाटतो.

—

पटलं. ‘कार्यातली तफावत’ वाचताच कळतं. म्हणजे एकच राशी वेळेनुसार बदलते तिथे चढउतार, खेपेखेपेत फरक पडतो तिथे तफावत. दोन शब्द झाले तरी चालेल, अर्थही दोनच आहेत.

—

मग पाण्यातल्या मण्याचं काय? सूक्ष्मदर्शकाखाली एक मायक्रोमीटरचा मणी जागच्या जागी हलतो, मध्येच सरकतो, परत मागे येतो. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये परागातल्या कणांचं पाहिलं ते हेच.

—

त्याला आपल्याकडे ‘चुळबुळ’ आहे की! बिनधास्त वापरा. फक्त हा मणी ओढताना क्षणभर पाण्याकडूनच ऊर्जा घेऊन पुढे गेला, तर ‘ऊष्मागतिकीचा दुसरा नियम मोडला’ असं लिहू नका. एकाच तापमानाच्या पाण्याची उष्णता नुसती कामाला लावता येत नाही, हा तो नियम सरासरीचा आहे, आणि पुष्कळ खेपांची सरासरी काढली की तो पाळलेलाच दिसतो. तिथे ‘उलटी खेप’ म्हणा.