कंडिशनल ऑफरवर व्हिसा मिळतो का?

ब्रिटनच्या मास्टर्सची कंडिशनल ऑफर, म्हणजे काही अटी पुऱ्या करण्यावर अवलंबून असलेला प्रवेश, हातात आहे, आता थेट व्हिसासाठी अर्ज करू का, असा प्रश्न आहे. नाही. स्टुडंट व्हिसासाठी सीएएस क्रमांक, म्हणजे विद्यापीठाने दिलेला प्रवेश-निश्चितीचा क्रमांक, लागतो. तो सर्व अटी पुऱ्या होऊन ऑफर अनकंडिशनल (विनाअट) झाल्यावर, आणि बहुतेक ठिकाणी डिपॉझिट भरल्यावरच मिळतो.

आपल्याकडची मुलं अडकतात ती शेवटच्या सेमिस्टरच्या निकालापाशी. कॉलेजचं बोनाफाईड किंवा ऑनलाइन निकालाचा स्क्रीनशॉट सहसा चालत नाही. सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेट मागतात, म्हणून निकाल लागताच त्यासाठी अर्ज करा.

निकालाची वाट बघत बाकी कामं मात्र थांबवू नका. विज्ञान-अभियांत्रिकीच्या काही कोर्सना भारतीयांना एटास, म्हणजे संवेदनशील विषय शिकण्यासाठी ब्रिटिश सरकारच्या परवानगीचं प्रमाणपत्र, लागतं. ऑफर लेटरमध्ये तसं लिहिलं असेल तर कंडिशनल ऑफरवरच अर्ज करता येतो. त्याला किमान ३० कामाचे दिवस धरा.

व्हिसासाठी दाखवायचे पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत. एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पालकांचं खातं चालतं, पण सोबत जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडा.

डिपॉझिट भरण्याआधी परताव्याचे नियम वाचाच: व्हिसा नाकारला किंवा अट पुरी झाली नाही तर काय मिळतं, आणि स्वतःहून माघार घेतली तर काय बुडतं. घरच्यांचे लाखो रुपये त्या एका पानावर अवलंबून असतात.

बॅचलर्ससाठी यूकास या ब्रिटनच्या सामायिक प्रवेश यंत्रणेतून फर्म (पहिली पसंती) आणि इन्शुरन्स (राखीव पर्याय) निवडत असाल, तर इन्शुरन्सची अट फर्मपेक्षा सोपीच हवी.