टेम्पोच्या फाळक्यावर काय लिहू?

निफाडची_लेक
अण्णांच्या टेम्पोला नवा रंग चढतोय. जुन्या फाळक्यावर भावानं हौसेनं लिहून घेतलं होतं, 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं'. अण्णा साठीचे. कांद्यानं भरलेली गाडी कसारा घाटातून दुसऱ्या गिअरात उतरवतात, आणि मागची पोरं ते वाचून चेकाळतात, मुद्दाम कट मारतात. मला असं काहीतरी हवंय की मागचा हसेल आणि हसता हसता जरा मागं राहील. पेंटर रविवारी येतोय. सुचवा ना.

ब्रश_बॉर्डर
ताई, मी पंचवीस वर्षं फाळके रंगवतोय. 'हॉर्न ओके प्लीज' अजिबात नको. लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून ३० एप्रिल २०१५ ला आपल्या सरकारनं मालवाहू गाड्यांवर ते लिहायला बंदी घातली. आणि मजकूर चार शब्दांत बसवा. ताशी ६० नं येणारी गाडी सेकंदाला सतरा मीटर कापते. वाचायला तीन सेकंद गेले तर पन्नास मीटर संपले! मी आधी खडूनं लिहितो, गिऱ्हाईकाला वीस पावलं मागं नेतो आणि वाचायला लावतो. बिजागरीवर वेलांटी येऊ देऊ नका, फाळका उघडझाक करताना तिथलाच रंग आधी उडतो.

पिंट्या_क्लीनर
'१३ मेरा ७' लिहा. आपल्याला लय आवडतं.

घाटवेडा
ते प्रेमाचं झालं रे पिंट्या, इथं ब्रेक मारायला लावायचाय. लडाखला बुलेटवर गेलो होतो तेव्हा सीमा सडक संघटनेच्या पिवळ्या पाट्या पाहिल्या. 'बी जेंटल ऑन माय कर्व्ह्‌ज'. ही पाटी बरोबर वळणाच्या तोंडाशी. हसू फुटलं आणि त्याच क्षणी हात आपोआप ब्रेकवर गेला. 'आफ्टर व्हिस्की ड्रायव्हिंग रिस्की' तर सगळ्यांना पाठ असते. माझ्या मते गंमत अशी हवी, समोर जे आहे त्यातूनच निघालेली. ताई, तुमच्या गाडीत काय असतं ते लिहा की!

निफाडची_लेक
दादा, तुमचं वाचलं आणि लगेच सुचलं: 'अंतर ठेवा, कांदा आहे'. चारच शब्द! अण्णांना वाचून दाखवलं तर चहाचा कप खाली ठेवून हसले. म्हणाले, खाली बारीक अक्षरात 'रडाल' घाल.

ब्रश_बॉर्डर
झकास! पण 'रडाल' बारीक नको. बारीक वाचायला माणूस आणखी जवळ येतो. बाकी पिवळ्यावर काळं, 'कांदा' तेवढा लाल.

निफाडची_लेक
बरं, 'रडाल' काढलं. अण्णा जरा नाराज आहेत.