एक्स१००एफला वाइड कन्व्हर्टर घेऊ का?

प्रश्न: फुजीचा एक्स१००एफ कॅमेरा वापरते, पण त्याच्या लेन्सचा ३५ एमएमचा कोन घरात फार अरुंद पडतो, परवा बारशाला भिंतीला पाठ टेकवून उभी राहिले तरी पाळण्याभोवतीच्या सगळ्या बायका फ्रेममध्ये मावल्या नाहीत. वाइड कन्व्हर्टर, म्हणजे जास्त रुंद दिसावं म्हणून लेन्सवर बसवायची जोडकाच, लावला की उजेड कमी होतो का?

उत्तर: नाही ताई, एफ/२, म्हणजे लेन्स उजेड घेते ते माप, तसंच राहतं. ०.८ पट, म्हणजे २८ एमएम मिळतं, आकडा लहान तितकं रुंद दिसतं. लेन्सभोवतीची रिंग काढायची नि फिरवून बसवायचा. कन्व्हर्टरचं दुसरं व्हर्जनच घ्या, कॅमेरा ते आपोआप ओळखतो, जुनं लावलं तर कॅमेऱ्याच्या मेनूत तसं सांगावं लागतं, मी एकदा विसरलो नि दाराच्या चौकटी वाकड्या आल्या.

उत्तर: दूरचं जवळ आणणारा टेली कन्व्हर्टरही मिळतो, १.४ पट, म्हणजे ५० एमएम. चेहरे सुरेख येतात पण १८० ग्रॅम वजन, गळ्यातला कॅमेरा पुढे झुकतो. आधी वाइडच घ्या.