फरशी फोडण्याआधी बाहेरचा पाइप बघा

घर गरम करणाऱ्या बॉयलरमधल्या पाण्याचं प्रेशर दर दोन दिवसांनी अर्ध्या बारवर (बार हे दाबाचं एकक) येतं, म्हणजे फरशीखालचा पाइप गळत असणार, म्हणून फरशी उकरायची, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थोडं थांबा.

आधी प्रेशरचा काटा दोनदा बघा: हीटिंग बंद, सगळं थंड असताना आणि तासभर चालल्यावर. थंड असताना १ ते १.५ बार हवं, तापल्यावर थोडं वाढणारच. पण ते ३ बारच्या जवळ जात असेल आणि थंड झाल्यावर पार खाली येत असेल, तर संशय एक्स्पान्शन व्हेसलवर, म्हणजे फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या हवेच्या टाकीवर घ्या. त्यातली हवा गेली की तापून फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही; मग ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या पाइपातून निघून जातं. घरात थेंबही दिसत नाही! आमच्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरी नेमकं हेच झालं होतं. त्या पाइपाच्या तोंडाला रात्रभर प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधून ठेवा. सकाळी पिशवीत पाणी असलं तर उत्तर मिळालं. एकदा उघडलेला व्हॉल्व्ह पुष्कळदा नीट बसत नाही, त्यामुळे व्हेसलबरोबर तोही तपासून घ्या.

पिशवी कोरडी निघाली तर खोल्या गरम करणाऱ्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हांच्या बुडाशी टिश्यू पेपर लावून बघा. तिथेही काही नसेल तरच फरशीचा विचार.

बॉयलरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्यालाच बोलवा. आणि प्रेशर वाढवायला रोज पाणी भरत राहू नका. ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात.