नाशिकचा फ्लॅट भाड्याने देताना

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,

पाथर्डी फाट्यावरचा आईबाबांचा टू बीएचके आता माझ्या नावावर झाला आहे. बाबा गेल्यापासून तो बंदच आहे. एजंटने अंबड एमआयडीसीत नोकरी करणारं एक कुटुंब आणलंय. भाडं १५,०००, डिपॉझिट ५०,०००. एजंट म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार नोटरी करून टाकू, सगळे असंच करतात. मावसभाऊ म्हणतो, सिंहस्थ येतोय, रिकामा ठेव, चौपट पैसे मिळतील. टोरांटोत बसून मला यातलं काहीच नीट पारखता येत नाही. ज्यांची नाशिकला घरं आहेत त्यांनी कृपया सांगा.

मेधा

---

प्रेषक: प्रसाद

मेधाताई,

आधी एजंटचं बघू, कारण तिथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. एक वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, या समजुतीतून अकरा महिन्यांची ही पद्धत पडली. महाराष्ट्रात ती चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झालाच तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं. आपण सात समुद्रापार, हातात नोटरीचा कागद, आणि समोरचा म्हणतोय की भाडं १०,००० ठरलं होतं. काय करणार?

आणि हे सगळं किती पैशांसाठी? लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याच्या या करारावर, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून हिशेब करतात. तुमच्या आकड्यांवर ते पाचशेच्याही आत येईल. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. शिवाय मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर नोंदणीकृत करार असलेल्या मालकाला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. दिवाणी कोर्टाच्या तारखांपेक्षा हा रस्ता पुष्कळ बरा.

तुम्ही तिथे जाऊ शकत नसाल तर कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, लागेल. ते इथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा. महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायला हवा. ही मुदत पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. मजकुरात फक्त या फ्लॅटचा भाडेकरार, भाडेवसुली, सोसायटी आणि महावितरणची कामं एवढंच लिहा. विक्रीचा अधिकार देऊ नका, माणूस कितीही घरचा असो.

आता कर. एजंट याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तुम्ही अनिवासी आहात, म्हणून भाडं कितीही असो, भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच आयकर, कापून भरायचा असतो, आणि त्यासाठी त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो. निवासी मालकाच्या बाबतीत दरमहा ५०,००० ची मर्यादा आहे, ती आपल्याला लागू नाही. अंबडला शिफ्ट करणाऱ्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? नोटीस आली तर ती त्याला येते, आणि हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. त्याला आधीच सांगा, करारात लिहा आणि त्याच्या सीएची फी तुम्ही द्या. तुमचं भारतातलं उत्पन्न तेवढंच असेल तर कमी दराने कापण्याचा दाखला आयकर खात्याकडून मिळतो. रिटर्न भरूनही परतावा मिळतो. भाडं एनआरओ खात्यातच (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घ्या, आणि कॅनडाच्या रिटर्नमध्येही ते दाखवावं लागेल.

सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, लावेल. ती सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येते, हा शासनाचा आदेश आहे. आमच्याकडे सरसकट दुप्पट मेंटेनन्स लावला होता. मी आदेशाची प्रत जोडून पत्र दिलं, पुढच्या बिलात दुरुस्ती झाली.

सिंहस्थाचं मला पटत नाही. मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत आणि रामकुंड पंचवटीत. पाथर्डी फाट्यावरून तिथे जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, तेही पर्वणीच्या बंदोबस्तात. चार दिवसांच्या आशेवर तोवर घर कुलूप लावून ठेवायचं का?

प्रसाद

---

प्रेषक: विद्या

मेधा बाळा,

मी आता इंदिरानगरला परत आलेय, पण आपल्या या ईमेल यादीतून नाव काढलेलं नाही. प्रसादने कागदाचं सगळं सांगितलंच. मी घराचं सांगते.

बंद घर पावसाळ्यात खराब होतं. तुमच्या वरच्या मजल्याला पश्चिमेची भिंत आहे, तिथे ओल येतेच. गेल्या पावसात आमच्या शेजारच्या बंद फ्लॅटच्या नहाणीतून खाली पाणी झिरपलं. जाळीभोवतीचं सिमेंट सुटलं होतं, बोट घातलं तर आत जात होतं. खालच्यांच्या छताला पोपडे आले, ट्यूबलाइटच्या पट्टीवरून थेंब पडायला लागले, आणि मालक दुबईत. गच्चीची गळती सोसायटी करते, पण नहाणी-संडासची आपल्यालाच करावी लागते. भाडेकरू राहता असेल तर पहिल्याच दिवशी फोन येतो.

म्हणून मी म्हणेन, चांगलं कुटुंब मिळालंय तर ते टिकव. दरवर्षी १० टक्के वाढवायच्या मागे लागू नकोस. १५,००० वर ती वर्षाची १८,००० होते. भाडेकरू गेला आणि घर दोन महिने रिकामं पडलं तर ३०,००० गेले. वर एजंटची दलाली आणि रंग. पाच टक्के वाढ आणि गीझर बिघडला तर त्याच आठवड्यात दुरुस्ती, एवढं केलंस तर माणसं वर्षानुवर्षं राहतात.

आणि मावसभावावर टाकू नकोस. नातेवाइकाला दर वेळी प्लंबर आणायला सांगितलं की दोन्हीकडून मन दुखतं. सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त माणसाला दरमहा ठरावीक पैसे दे आणि हक्काने काम सांग. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते, तेही त्याच्याकडून करून घे. घर सोडताना शेवटचं लाइटबिल भरल्याची पावती बघितल्याशिवाय डिपॉझिट परत द्यायचं नाही, हे त्या निवृत्त माणसाला बजावून ठेव.

विद्याकाकू

---

प्रेषक: मेधा

प्रसाद, काकू, मनापासून आभार.

एजंटला कळवलं, करार नोंदवूनच होईल, खर्च माझा. भाडेकरूंशी व्हिडिओ कॉलवर बोलले. त्यांना टीडीएसचं समजावून सांगितलं, आधी दचकले, सीएचं मी बघते म्हटल्यावर तयार झाले. मुलीची शाळा जवळ आहे म्हणून तीन वर्षांचा करार करता येईल का, असं त्यांनीच विचारलं. ६० महिन्यांपर्यंत करता येतो असं सीएने सांगितलं, तेव्हा तीन वर्षांचाच करतेय, वर्षाला ५ टक्के वाढ.

वकिलातीची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. काकू, कुलमुखत्यारपत्र तुमच्या नावाने करू का? महिन्याचे पैसे घ्यायचे या अटीवर. आणि ते लोक यायच्या आधी नहाणीची जाळी एकदा प्लंबरकडून बघून घ्याल? किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडे आहे.

मेधा